क्रूझची सहल : नंदुरबारहून निघण्याआधी काय माहीत असावं?

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. आपल्याकडे पाणी म्हणजे तापी, नर्मदा आणि सरदार सरोवराचा फुगवटा. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या गावांसाठी बोट ही चैन नाही, दवाखान्यापर्यंत आणि बाजारापर्यंत पोहोचण्याची सोय आहे. त्यामुळे 'बोटीवर सुट्टी' ही कल्पनाच इथे अनेकांना नवी वाटते. आता मात्र लग्नाचा वाढदिवस, आईवडिलांची साठी किंवा दिवाळीची सुट्टी म्हटलं की मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचा विषय शहाद्या-तळोद्यातल्या घरांतही निघतो. एकजण सांगतो, 'स्वर्ग आहे', दुसरा म्हणतो, 'पैसे पाण्यात गेले'. गंमत म्हणजे दोघंही एकाच जहाजावरून आलेले असू शकतात. मतं इतकी वेगळी का पडतात आणि आपण काय पाहून ठरवावं, हे समजून घेऊया.

मुंबईहून कोणती क्रूझ सुटते?

कोकण आणि गोव्याला बोटीने जाणं मराठी माणसाला नवीन नाही. अनेक दशकं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटी सुटायच्या. पण तो प्रवास होता, सहल नव्हे. अलीकडे 2018 मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' ही बोट सुरू झाली. 2021 च्या सप्टेंबरात 'कॉर्डेलिया' कंपनीचं 'एम्प्रेस' हे मोठं जहाज मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाऊ लागलं. हे जहाज 1990 मध्ये फ्रान्समध्ये बांधलेलं आहे. त्याची लांबी 200 मीटरहून जास्त आहे आणि त्यावर दीड हजारांहून अधिक प्रवासी मावतात. 2025 च्या सप्टेंबरात मुंबई बंदरातल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं.

पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून मुंबईचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा धरावा.

जहाजावर दिवस कसा जातो?

क्रूझ म्हणजे चालतं हॉटेल. सकाळी नाश्ता, दुपारी जेवण, संध्याकाळी नाटक-गाणी-जादूचे खेळ, मुलांसाठी खेळघर, वर डेकवर पोहण्याचा तलाव. ज्यांना माणसांत रमायला आवडतं, त्यांना दिवस अपुरा पडतो. ज्यांना शांत बसून समुद्र बघायचा असतो, त्यांना तलावाजवळचं संगीत आणि जेवणाच्या रांगा त्रासदायक वाटतात. मतभेदाचं पहिलं कारण हेच : जहाज तेच असतं, अपेक्षा वेगळ्या असतात.

दुसरं कारण म्हणजे खोली. सर्वांत स्वस्त खोली आतल्या बाजूला असते आणि तिला खिडकी नसते. दिवा मालवला की दुपारीही मध्यरात्र वाटते. फक्त झोपायला खोलीत जाणाऱ्या तरुणांना ती पुरते. पण दुपारी आडवं व्हायची सवय असलेल्या आजी-आजोबांसाठी खिडकीची खोली घेतलेली बरी. बाल्कनीसाठी बरेच पैसे मोजावे लागतात, दोन रात्रींच्या सहलीत तिचा तितका उपयोग होईलच असं नाही.

तिकिटाबाहेर काय खर्च येतो?

जाहिरातीतला आकडा बहुधा एका माणसाचा आणि दोघांनी खोली घेतली तर लागू होणारा असतो. त्यावर कर आणि बंदराचं शुल्क येतं, काही कंपन्या सेवाशुल्कही लावतात. मुख्य भोजनगृहातलं जेवण साधारणपणे तिकिटात असतं, पण मद्य, खास रेस्टॉरंट, इंटरनेट, फोटो, मालिश आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. बुकिंग करताना 'सगळं धरून चौघांचे एकूण किती?' हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

खर्च वाढायची आणखी दोन ठिकाणं आहेत. किनारा दूर गेला की मोबाइल जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जाऊ शकतो आणि त्याचे दर फार महाग असतात, म्हणून फोन फ्लाइट मोडवर ठेवा. दुसरं ठिकाण म्हणजे कॅसिनो. जहाजावर रोख पैसे न देता कार्डावर खर्च होत राहतो, त्यामुळे आकडा शेवटच्या दिवशीच डोळ्यांसमोर येतो. रोज रात्री हिशेब विचारायची सवय ठेवा.

बोट लागली तर?

आतल्या कानाला हालचाल जाणवते, पण डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते. मेंदूचा हा गोंधळ म्हणजेच बोट लागणं. मोठ्या जहाजाला डुलणं कमी करणारे पंखे पाण्याखाली असतात, तरी त्रास पूर्ण टळत नाही. झोपाळ्यासारखंच इथेही टोकाला हेलकावा जास्त आणि मध्ये कमी. म्हणून घाटात एसटी लागणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागाची खोली मागावी. पोट रिकामं ठेवू नये, पण तुडुंबही भरू नये. मळमळ सुरू झाली तर डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावं. गोळी त्रास होण्याआधी घेतली तरच नीट लागू पडते. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि इतर औषधं चालू असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

जहाजावर हजारो लोक एकच हातकठडे आणि बुफेतले तेच चमचे हाताळतात. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस अशा ठिकाणी लवकर पसरतो आणि त्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही. जेवणाआधी साबणानेच हात धुवा. शाकाहारी जेवण मिळतं, पण नंदुरबारच्या मिरचीची सवय झालेल्या जिभेला ते मिळमिळीत लागेल. बाहेरचं खाणं नेण्यावर बहुतेक जहाजांवर बंधन असतं, म्हणून चटणीचा डबा भरण्याआधी नियम वाचा.

सुरक्षेची कवायत टाळू नका

17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. 2012 मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे आधुनिक क्रूझ जहाज खडकावर आदळलं आणि 32 जण दगावले. त्यातले काही प्रवासी नुकतेच चढले होते आणि त्यांची कवायत व्हायची होती. त्यानंतर नियम बदलला. आता ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. अर्धा तास कंटाळा आला तरी चालेल, पण आपलं एकत्र जमण्याचं ठिकाण आणि तिथवरचा जिना मुलांनाही दाखवून ठेवा.

नंदुरबारकरांसाठी खास सूचना

जहाज कोणासाठी थांबत नाही आणि सुटण्याच्या बऱ्याच आधी प्रवेश बंद होतो. आपली गाडी सुरतमार्गे मुंबईत पोहोचते, पुढे बंदरापर्यंत शहराची गर्दी पार करायची असते. त्याच दिवशी पोहोचण्याचा हिशेब धरू नका, आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतल्या जातात आणि काही तासांनी खोलीत येतात. औषधं, चष्मा आणि ओळखपत्र हातातल्या पिशवीत ठेवा. देशांतर्गत फेरीला सरकारी ओळखपत्र चालतं, श्रीलंकेसारख्या फेरीला पासपोर्ट लागतो.

लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. लहान होडीत उतरावं लागतं, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचार करावा. हवा बिघडली तर ते ठिकाण रद्दही होतं आणि अशा वेळी पूर्ण पैसे परत मिळतीलच असं नाही. तिकिटाच्या अटींमध्ये हे लिहिलेलं असतं.

मग जावं का?

फिरण्यासाठी गोवा बघायचा असेल तर रेल्वेने जा, कारण क्रूझवर गोव्यात काही तासच मिळतात. जहाजावर राहणं हीच सहल मानायची तयारी असेल, तर जरूर जा. मात्र पहिल्या वेळी दोन रात्रींचीच फेरी घ्या, म्हणजे घरात कोणाला बोट लागते आणि कोण रमतं ते कळेल. आणि बोटीत बसण्याची हौसच भागवायची असेल, तर शेजारच्या गुजरातेत केवडियाला नर्मदेवर 2020 पासून 'एकता क्रूझ' चालते. तिथे तासाभरातच घरच्या मंडळींचा अंदाज येतो, आणि साठवलेले पैसे मोठ्या सहलीत घालायचे की नाही हे ठरवणं सोपं जातं.