पुराणवस्तूंचा लिलाव

पुराणवस्तूंचा लिलाव : जुन्या, दुर्मिळ वा ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंची जाहीर चढाओढीने होणारी विक्री. मूर्ती, चित्रे, हस्तलिखिते, ताम्रपट, नाणी, शस्त्रे, अलंकार, धातूची भांडी, कोरीव लाकूडकाम, टपाल-तिकिटे इ. वस्तू अशा विक्रीस येतात. नित्योपयोगी मालाप्रमाणे पुराणवस्तूचे पुन्हा उत्पादन करता येत नाही. साहजिकच तिला ठराविक बाजारभाव नसतो आणि इच्छुकांच्या चढत्या बोलींतूनच तिची किंमत निश्चित होते. तथापि किंमत आणि महत्त्व या दोन भिन्न गोष्टी होत. वस्तू कोठे सापडली, तिच्यासोबत काय होते व ती कोणाच्या हातून कोठे गेली, यांवर तिचे अभ्यासमूल्य अवलंबून असते. ही माहिती एकदा नष्ट झाली, की कितीही मोठी बोली ती परत मिळवून देऊ शकत नाही. ठाणे–कल्याण परिसरातील पुराणवस्तूंचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

विक्रीची पद्धती : लिलावापूर्वी विक्रेत्या संस्थेकडून वस्तूंची सूची प्रसिद्ध होते. तीत वस्तूचे वर्णन, काळ, मोजमाप, स्थिती, पूर्वीच्या मालकांची परंपरा व अंदाजित किंमत दिलेली असते. ज्या रकमेखाली वस्तू विकावयाची नाही, ती राखीव किंमत विक्रेता आधीच ठरवू शकतो. बोली चढत जाऊन अखेरची बोली पुकारली गेल्यावर हातोडा पडतो. मालविक्री अधिनियम, १९३० यातील तरतुदीनुसार हातोडा पडताच विक्री पूर्ण होते. तोपर्यंत बोलणाऱ्यास आपली बोली मागे घेता येते. किंमत वाढविण्यासाठी विक्रेत्याने खोट्या बोली लावविल्यास खरेदीदारास ती विक्री रद्द करवून घेण्याचा हक्क आहे. विजेत्या बोलीच्या रकमेवर खरेदीदारास बहुधा लिलावसंस्थेचे शुल्क व कर द्यावे लागतात.

भारतातील लिलावांचे मुंबई हे एक प्रमुख केंद्र आहे. क्रिस्टीज या लंडनच्या संस्थेने भारतातील आपला पहिला लिलाव १९ डिसेंबर २०१३ रोजी मुंबईत केला व त्यात वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांस गेले. मात्र असे मोठे आकडे मुख्यतः आधुनिक चित्रांचे असतात. पुराणवस्तू देशाबाहेर नेता येत नसल्याने तिला बोली लावणारे देशातीलच असतात.

कायदेशीर तरतुदी : पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. त्याच्या व्याख्येत किमान शंभर वर्षे जुनी नाणी, मूर्ती, चित्रे, कोरीव लेख, कारागिरीचे नमुने, गतकाळातील कला, धर्म वा चालीरीतींचे दर्शन घडविणाऱ्या वस्तू, तसेच इमारतीपासून वा लेण्यापासून अलग केलेले भाग यांचा समावेश होतो. शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्‌मयीन वा सौंदर्यात्मक मूल्याची हस्तलिखिते व कागदपत्रे यांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. पुराणवस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. मूर्ती, चित्रे व सचित्र हस्तलिखिते यांसारख्या अधिसूचित प्रकारांची नोंदणी आवश्यक असून नोंदलेल्या वस्तूची मालकी बदलल्यास तसे कळवावे लागते. निर्यातीचा अधिकार केंद्रशासनास व त्याने प्राधिकृत केलेल्या संस्थांनाच आहे; अवैध निर्यातीस सहा महिने ते तीन वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. जमिनीत पुरलेला ठेवा सापडल्यास भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडणाऱ्याने त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे.

ठाणे–कल्याण परिसर : ठाणे (श्रीस्थानक) ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी होती. कल्याण हे त्याहून प्राचीन बंदर असून त्याचा उल्लेख पेरिप्लस या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात व कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत आढळतो. कल्याणजवळील अंबरनाथचे शिवमंदिर १०६० मधील आहे. एवढी जुनी वस्ती असलेल्या भूमीत पायासाठी खोदताना प्राचीन अवशेष हाती लागणे स्वाभाविक होय. ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामासाठी खणताना १७८७ मध्ये शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ (इ. स. १०१७) मधील ताम्रपट सापडला. त्याचे भाषांतर लवकरच कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले आणि शिलाहारांच्या वंशावळीच्या अभ्यासास आधार मिळाला. धातू म्हणून हे पत्रे फार मोलाचे नव्हते; त्यांचे मोल त्यांवरील अक्षरांत व सापडल्या जागेच्या नोंदीत होते. परिसरात आढळणारे वीरगळ व गधेगाळ यांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. गावाच्या शिवेवरून वा देवळासमोरून उचललेला वीरगळ दिवाणखान्याची शोभा वाढवील. पण कोणत्या गावच्या लढाईत कोण पडला, हे सांगण्याची त्याची शक्ती नष्ट होते.

सोपारा व पिप्रावा : तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (२०१४ पासून पालघर जिल्हा) सोपारा येथील बुरुड राजाचा कोट या नावाने ओळखला जाणारा स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उत्खनित केला. त्यातील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले धातूंचे व स्फटिकाचे करंडक, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे तुकडे, आठ लहान बुद्धमूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे मिळाले. कोणती वस्तू कोठे होती याचे वर्णन प्रसिद्ध झाले, संच फुटला नाही आणि तो मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात राहिला.

उत्तर प्रदेशातील पिप्रावा येथील स्तूपातून १८९८ मध्ये विल्यम पेपे या जमीनदाराने काढलेल्या ठेव्याचा प्रवास याहून वेगळा झाला. बुद्धाचे मानले गेलेले अस्थिअवशेष सयामच्या राजास देण्यात आले; करंडक व बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात गेली; काही रत्ने मात्र पेपे यांच्याकडे राहिली. त्यांच्या वंशजांनी ती हाँगकाँग येथे सदबीज या संस्थेच्या ७ मे २०२५ रोजीच्या लिलावात विक्रीस मांडली. अस्थींसोबत अर्पिलेली रत्ने ही विक्रीची वस्तू नव्हे, अशी भूमिका घेऊन भारत सरकारने कायदेशीर सूचना दिली व लिलाव स्थगित झाला. पुढे एका भारतीय उद्योगसमूहाने ती खरेदी केली आणि जुलै २०२५ मध्ये ती भारतात परत आली. दोन्ही ठेवे स्तूपांतील व सोळा वर्षांच्या अंतराने सापडलेले; परंतु एक अखंड राहिल्याने अभ्यासाचे साधन ठरला, तर दुसऱ्याची वाटणी झाल्याने त्याचा एक भाग सव्वाशे वर्षांनी बोलीसाठी पुकारला जाण्याची वेळ आली.

परदेशी लिलावातून खरेदी : देशाबाहेर पूर्वीच गेलेल्या वस्तूंवर १९७२ च्या अधिनियमाचा अंमल चालत नाही. सांस्कृतिक संपत्तीच्या अवैध व्यापारास प्रतिबंध करणारा यूनेस्कोचा १९७० चा करार भारताने १९७७ मध्ये मान्य केला, पण तोही पूर्वलक्षी नाही. अशा वेळी बोली लावून वस्तू विकत घेणे हाच मार्ग अनेकदा उरतो. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार लंडन येथे सदबीजच्या लिलावात २९ एप्रिल २०२५ रोजी आली. ती महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत मिळविली. सर्व खर्च धरून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये लागले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आणण्यात आली. फिरंग जातीच्या या तलवारीचे पाते सरळ व यूरोपीय बनावटीचे असून त्यावर रघुजींचे नाव व सेनासाहेबसुभा हा त्यांचा किताब देवनागरीत कोरलेला आहे. या लेखामुळेच ती ओळखता आली. त्याच्या अभावी ती त्या काळच्या अनेक तलवारींपैकी एक म्हणून विकली गेली असती.

घरगुती वस्तू : लिलावाच्या सूचीत कधीच न येणाऱ्या वस्तूंची संख्या यांहून कितीतरी मोठी आहे. रेल्वे १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत व १८५४ मध्ये कल्याणपर्यंत पोहोचली. पुढे विसाव्या शतकात या मार्गावरील ठाणे, डोंबिवली व कल्याण येथे कोकणातून व देशावरून आलेली कुटुंबे स्थायिक झाली. घंगाळ, बंब, समई, लामणदिवा, पानाचा डबा, देव्हारा व मोडी कागदांचे रुमाल अशा वस्तू पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या. लहान सदनिकांत जागा अपुरी पडू लागली व स्टेनलेस स्टीलचा प्रसार झाला, तशी तांब्या-पितळेची भांडी मोड म्हणून वजनावर गेली. जुनी घरे पाडताना निघालेले कोरीव खांब व तुळया लाकडाच्या भावाने आणि कागद रद्दीच्या भावाने विकले जातात. शंभर वर्षांवरील कोरीव खांब वा पंचाहत्तर वर्षांवरील दस्तऐवज कायद्याच्या व्याख्येत बसू शकतो, याची जाणीव विकणाऱ्यास व घेणाऱ्यासही क्वचितच असते.

अशी वस्तू हातावेगळी करण्यापूर्वी काही गोष्टी पाळणे इष्ट ठरते. भांडे वा नाणे घासून चकचकीत केल्यास त्यावरील काळाने आलेला थर जातो आणि कालनिर्णय अवघड होतो. संग्राहकांच्या दृष्टीने किंमतही घटते. भांड्यावरील नाव, गाव व साल, घरातील परंपरेने सांगितलेली माहिती आणि छायाचित्र यांची नोंद ठेवावी. मोडी कागद जाणकारास दाखविल्यावाचून टाकू नयेत. शिवकालीन होनासारख्या नाण्यांच्या बनावट प्रतीही प्रचारात असल्याने खरेदी करताना वजन, धातू व छाप यांची तज्ज्ञाकडून परीक्षा करवून घेणे आवश्यक असते. लिलावाचा हातोडा वस्तूचा मालक ठरवितो. तिचा इतिहास मात्र तत्पूर्वी तिच्यासोबत जपलेल्या नोंदींवरच अवलंबून राहतो.