कानपूरची बंटी, परतूरची ओसरी

आमच्या भागात कुत्रं म्हणजे आखाड्यावरचं. कापसाची राखण करणारं, मेंढरांमागं धावणारं, भाकरीच्या तुकड्यावर वाढलेलं. उंबऱ्याच्या आत त्याला जागा नसे. 1994 साली ‘हम आपके हैं कौन’मधला टफी घराघरांत पोचला आणि परतूरसारख्या गावांतही पांढरं, झुपकेदार शेपटीचं कुत्रं ओसरीवर येऊन बसलं. सगळे त्याला पामेरियन म्हणतात. बहुतेक वेळा ते असतं इंडियन स्पिट्झ, खऱ्या पामेरियनपेक्षा थोराड आणि आपल्या हवेत जास्त तग धरणारं. आणलेल्या कुत्रीला पिल्लं झाली, शेजाऱ्यांनी मागितली, आणि घर नकळत पिल्लांच्या पैदाशीच्या वाटेला लागलं, असं पुष्कळांचं होतं.

याच वाटेनं शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या एका घराची हकिगत मला फार मोलाची वाटते. डॉ. अ‍ॅग्नेस ग्रेग या इंग्रज डॉक्टर कानपूरला स्त्रियांवर उपचार करत. 1922च्या सुमारास त्यांनी एका व्यापाऱ्याच्या पत्नीचा जीव वाचवला. त्या घरानं कृतज्ञतेपोटी त्यांना तिबेटी जातीचं एक पिल्लू दिलं. तिचं नाव बंटी. अंगभर लांब केस, डोळ्यांवर झुलपं, बर्फावर टिकतील असे रुंद चपटे पंजे. तिबेटात असे कुत्रे शुभ मानत. ते विकायचे नाहीत, मानानं भेट द्यायचे, अशी तिथली रीत होती.

बाईंनी बंटीला प्रदर्शनात नेलं, तर परीक्षकांनी अशी जात आधी पाहिलेलीच नव्हती. त्यांनी सांगितलं, जोडीदार शोधा, पिढ्या वाढवा, रूप आणि स्वभाव टिकतो का ते बघा. डॉक्टरीण बाईंनी ते मनावर घेतलं. राजा नावाचा नर मिळवला, पिल्लं वाढवली, नोंदी ठेवल्या. 1930 साली भारताच्या केनेल क्लबनं या जातीचं प्रमाणवर्णन ठरवलं आणि ‘तिबेटन टेरियर’ हे नाव रूढ झालं.

या छंदात त्यांची आईही होती. तिबेटन स्पॅनियल नावाची आणखी लहान जात आहे, मांडीवर मावणारी. लेकीनं इकडून कुत्री पाठवायची आणि आईनं इंग्लंडात ती जिवापाड सांभाळून वाढवायची, असं मायलेकींचं चाललं. मग दुसरं महायुद्ध आलं. आईनं वाढवलेल्या त्या स्पॅनियलांच्या गोतावळ्यातून वंश पुढे नेणारा एकच नर उरला, स्कायिद नावाचा. इतक्या वर्षांची माया आणि मेहनत, आणि धागा उरला तो एका कुत्र्याचा. जनावरांची पैदास किती नाजूक गोष्ट आहे हे यावरून कळतं.

लहान कुत्रीचं बाळंतपण तर अधिकच नाजूक. दिवस साधारण 63. कंबर अरुंद आणि पिल्लाचं डोकं मोठं, त्यामुळं पिल्लू अडतं आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. परतूरहून परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय म्हणजे सेलू, मानवत रोड ओलांडून जायचं. मध्यरात्री कळा सुरू झाल्या तर गाडी कोणाची, डॉक्टर कोण, हे आधीच ठरलेलं हवं. पंचावन्न दिवसांनंतर एक्स-रे काढला तर पिल्लं मोजता येतात, म्हणजे एखादं आत राहिलं तर लक्षात येतं.

एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. कुत्री गाभण राहिली की लोक प्रेमानं कॅल्शियमची बाटली आणतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती देऊ नये. बाहेरून फार कॅल्शियम मिळालं की शरीराची हाडांतून ते काढून घेण्याची सवय मंदावते आणि पिल्लं जोरात दूध ओढू लागली की रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं. कुत्री धापा टाकते, अंग थरथरतं, पाय ताठरतात. व्याल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. त्याच घडीला दवाखाना गाठावा. वेळेत सलाईनमधून कॅल्शियम मिळालं तर ती वाचते.

पिल्लांना पहिले दोन आठवडे स्वतःचं अंग गरम राखता येत नाही. आमच्याकडच्या पौषातल्या थंडीत उबेची सोय नसेल तर ती गारठूनच जातात. उन्हाळ्याची तऱ्हा उलटी. पारा चाळिशीपार गेला की लोक स्पिट्झचे केस मुळापासून भादरतात. खरं तर ते केस उन्हापासूनही राखण करतात. रोज विंचरावेत, गुंता आणि गोचीड काढावेत, दुपारी ओली फरशी आणि सावली द्यावी, फिरायला सूर्य उगवायच्या आत न्यावं.

2017 साली केंद्र सरकारनं श्वानपैदाशीचे नियम केले. त्यांनुसार पैदास करून पिल्लं विकणाऱ्यानं राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. दीड वर्षाच्या आतल्या आणि आठ वर्षांवरच्या मादीची वीण घ्यायची नाही, वर्षातून एकापेक्षा जास्त वेत नाही, जन्मात पाचांहून जास्त नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. गावाकडं मात्र डोळे उघडून जरा चालू लागलं की पिल्लू पिशवीत घालून नेतात. त्या वयात ते आईकडून आणि भावंडांकडून खेळताना किती चावावं, कुठं थांबावं हे शिकत असतं. ते शिकायचं राहिलं की पुढे ते भित्रं होतं, नाहीतर अंगावर येतं.

म्हणून पिल्लू न्यायला येणाऱ्याला आधी घरी बोलवावं. दिवसभर घरात कोण असतं, गच्चीवर बांधणार की आत ठेवणार, हे विचारावं. जंताच्या औषधाच्या तारखा लिहून द्याव्यात, तीन महिन्यांच्या रेबीजच्या लसीची आठवण करून द्यावी, आणि सांभाळणं झालं नाही तर रस्त्यावर न सोडता परत आणून द्या, असं स्पष्ट सांगावं. हे ऐकून जो कंटाळतो, त्याला पिल्लू देऊ नये.