फाळणी आणि खानदेशी कापूस
1947च्या फाळणीत बहुतेक कापडगिरण्या भारतात राहिल्या. पण अमेरिकन वाणांचा चांगला कापूस पिकवणारे सिंध आणि पश्चिम पंजाब पाकिस्तानात गेले. 1949मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही. तिकडचा कापूस महागला, व्यापारच अडला. आता भिस्त घरच्या काळ्या जमिनीवर होती.

अशाच काळ्या जमिनीच्या खानदेशात ‘जरीला’, पुढे ‘विरनार’ हे कापसाचे देशी वाण होते. धागा फार लांब नव्हता, पण कपाशी मर रोगापुढे टिके. अमळनेर, धुळे, जळगावच्या गिरण्यांना कापूस जवळच मिळे. देशाचे कापूस उत्पादन 1950-51च्या सुमारे 29 लाख गाठींवरून पाच वर्षांत 40 लाखांच्या आसपास गेले. देशाच्या उभारणीच्या इतिहासात धरणे-पोलाद ठळक दिसतात; पावसाच्या भरवशावर कपाशी पेरणाऱ्या शेतकऱ्याला मात्र त्यात फारच थोडी जागा मिळाली.