गावची जत्रा आणि आमचं पार्किंग

एप्रिलपासून आमच्या हॅरिस पार्कात सकाळचे साडेअकरा वाजतात तेव्हा पुण्यात सात. रविवारी बाबांचा फोन याच वेळेला येतो. चैत्रातल्या एका रविवारी 'कसा आहेस' वगैरे काही नाही, एकदम तक्रारच. "अरे, गावात जत्रा आहे. रात्री बारापर्यंत स्पीकर! पोलिसांना द्यायला एक कडक मेल लिहून दे."

आई-बाबा निवृत्तीनंतर कोथरूडचा फ्लॅट विकून मुळशी तालुक्यातल्या ज्येष्ठांच्या संकुलात राहायला गेले. डॉक्टर, बाग, लिफ्ट, सगळं आहे. रात्री दहानंतर स्पीकर बंद हा 2000 सालचा नियम तिथे प्रत्येकाला तोंडपाठ. बाबांचं चुकतं असंही नाही. आईला बीपी आहे, झोप लागत नाही.

मी लॅपटॉप उघडला आणि शेजारचे लेबनीज आजोबा आठवले. 1975 च्या यादवीनंतर लेबनॉनमधून बरीच कुटुंबं या भागात आली. ॲलिस स्ट्रीटवर त्यांचं मोठं चर्च आहे. मग आपण आलो. 2009 च्या जूनमध्ये हल्ल्यांच्या निषेधार्थ भारतीय विद्यार्थी इथल्याच रस्त्यावर उतरले, तेव्हा दोन्ही समाजांत चांगलीच तेढ होती. आज विग्रॅम स्ट्रीटवर डोशापासून पाणीपुरीपर्यंत सगळं मिळतं आणि या भागाला 'लिटल इंडिया' म्हणतात. मागच्या दिवाळीत आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी आजोबांच्या फाटकासमोर गाडी लावली. ते रात्री अकराला दार वाजवून एवढंच म्हणाले, "हबीबी, चाळीस वर्षं राहतोय. आता माझ्याच घरात शिरायला तुमची परवानगी घ्यायची?"

मेल लिहिला नाही. बाबांना म्हटलं, आधी दूधवाल्या तात्यांशी बोला. बाबा चिडले. "तू तिकडे बसून शहाणपणा शिकवू नकोस!" पण गेले.

तात्यांकडून कळलं ते असं. संकुलाची जमीन त्यांच्याच भावकीची. पैसे आले, वाटण्या झाल्या, संपलेही. त्यांची सून आता त्याच जागेवर चार घरी स्वयंपाकाला जाते, गेटवर रोज पिशवी तपासून घेऊन. देवळाची पाऊलवाट कंपाउंडच्या भिंतीत अडकली, म्हणून पालखी डांबरी रस्त्याने वळसा घालून नेतात. "काका, आवाजाचं पोरांना सांगतो मी," तात्या म्हणाले, "पण तुमच्यातलं एक माणूस कधी प्रसादाला आलं का?"

दुसऱ्या दिवशी बाबा आईला घेऊन कुस्त्या बघायला गेले. खुर्ची पहिल्या रांगेत मिळाली, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

स्पीकर त्या रात्रीही साडेअकराला बंद झाला. पुढच्या वर्षी पालखीपुरतं मागचं गेट उघडावं, असा अर्ज बाबांनी संकुलाच्या समितीकडे दिलाय. चार जणांना त्यात सुरक्षेचा धोका दिसतोय. मीटिंग पुढच्या शनिवारी आहे, आणि अर्जाचा मसुदा मीच तपासून दिलाय.