लोखंडाचे चिलखत

पुणे जिल्ह्यात, राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे नावाचे गाव आहे. हा सारा मुलूख मावळातला. मृग नक्षत्र लागले की येथे पावसाळी ढग जमू लागतात आणि पुढे कित्येक दिवस डोंगरमाथे धुक्यात बुडून जातात. या पावसावर भाताची खाचरे पिकतात. परंतु याच दिवसांत एक मूक शत्रूही घरोघर आपला डाव साधीत असतो. पडवीत विसरलेला कोयता चार दिवसांत तांबूस दिसू लागतो. पहार, कुदळ, नांगराचा फाळ, अंगणात उभी असलेली मोटार, यांपैकी कोणालाही तो सोडीत नाही. या शत्रूचे नाव गंज.

खाणीत लोखंड बहुधा प्राणवायूशी संयोग पावलेल्या स्थितीत सापडते. मनुष्य भट्टीची प्रखर उष्णता आणि कोळसा यांच्या साहाय्याने तो प्राणवायू दूर करतो. पण हवा आणि पाणी ही दोन्ही एकत्र लाभली, की लोखंड पुन्हा प्राणवायूशी संयोग पावते. हाच गंज होय. यांपैकी एक जरी नसले तरी गंज चढत नाही. उकळून हवा घालवलेल्या पाण्यात खिळा ठेवावा व वर तेलाचा थर द्यावा. तो बरेच दिवस स्वच्छ राहतो. पाण्यात मीठ असेल तर मात्र गंज झपाट्याने वाढतो. म्हणूनच कोकण किनाऱ्यावरच्या लोखंडी वस्तू लवकर झिजतात.

अ‍ॅल्युमिनियमवरही प्राणवायूचा परिणाम होतो. पण तेथे तयार होणारा थर घट्ट असल्यामुळे आतला धातू सुरक्षित राहतो. गंजाचा थर पोकळ व भुसभुशीत असतो. तो ओल धरून ठेवतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे लोखंड उघडे पडून पुन्हा गंजू लागते.

मोटारीच्या बाबतीत ही गोष्ट विशेष धोक्याची आहे. घाटातून येताना चाकांनी उडवलेला चिखल गाडीच्या तळाशी आणि सांध्यांत जाऊन बसतो. वरून गाडी चकचकीत दिसते, परंतु खाली सांगाडा आणि ब्रेकच्या नळ्या पोखरल्या जात असतात. अशी नळी उतारावर फुटली तर प्रवाशांच्या जिवावर बेतते.

यावर उपाय म्हणजे लोखंडाला रंगाचे चिलखत चढवणे. हे काम कुंचल्याने करणारा जाणता कारागीर प्रथम रंगाच्या डब्याला हातच लावीत नाही. तो चिखल धुऊन गाडी पूर्ण वाळू देतो. तारेच्या ब्रशाने व काचकागदाने सुटा गंज खरवडून काढतो. तेलाचा ओशटपणा पुसून घेतो, कारण ओशट पत्र्यावर रंग धरत नाही. मग लगेच गंजरोधक रंगाचे अस्तर देतो. उशीर झाला तर दमट हवेत उघड्या लोखंडावर पुन्हा गंज चढतो. कुंचल्यामुळे हे अस्तर खाचाखोचांत चांगले घासले जाते. ते वाळल्यावर खड्डे लांबीने भरून, घासून, त्यावर रंगाचे दोन पातळ हात दिले जातात. एकच जाड हात दिला तर वरचा भाग वाळतो, आतला ओला राहतो आणि पुढे रंगाला सुरकुत्या पडतात. तळाला डांबरी काळा रंग देतात. दारांच्या खालची पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवतात. घासणाऱ्या, फिरणाऱ्या भागांना रंग चालत नाही. त्यांपैकी ज्यांना वंगण लागते त्यांचे रक्षण तेच करते. ब्रेकच्या घासणाऱ्या पृष्ठभागांना मात्र रंग नाही आणि वंगणही नाही.

अस्तरासाठी पूर्वी शेंदूर जवसाच्या तेलात खलून वापरीत. पण शेंदूर हे शिशाचे संयुग असून ते शरीराला विषारी आहे. म्हणून आता लोहाच्या तांबड्या ऑक्साइडचे किंवा जस्ताचे अस्तर अधिक पसंत केले जाते. जस्ताचा गुण तर मोठा नवलाचा: ओरखडा पडला तरी ते स्वतः झिजते आणि शेजारच्या लोखंडाला वाचवते.

आज कारखान्यांत मोटारीचे सांगाडे रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने रंगवतात. तरीही कुंचल्याचे महत्त्व सरलेले नाही. १८८९ साली पुरा झालेला पॅरिसचा लोखंडी आयफेल मनोरा अजूनही ठरावीक वर्षांनी माणसेच हाताने रंगवतात आणि त्यासाठी दर वेळी सुमारे ६० टन रंग लागतो.

रंगाची झळाळी सर्वांना दिसते. त्याखालची सफाई कोणालाच दिसत नाही. गंजावर एक हात फिरवून तो झाकणे सोपे असते, पण झाकलेला गंज आत वाढतच राहतो. लोखंडाचे आयुष्य वाढते ते न दिसणाऱ्या जागी केलेल्या प्रामाणिक कामामुळे.