हिमालयाहून थोरली

तिबेटच्या पठारावर, चार हजार मीटरच्याही वर, वर्षातले आठ महिने बर्फाखाली काढणारी एक वनस्पती आहे. नाव ताकाकिया. जात मॉसची, उंची बोटाच्या पेराएवढीही नाही. भिंगातून पाहिलं तर ती चक्रावून टाकते. पानं चपटी नाहीतच. बुडापासूनच दोन-चार गोल, निमुळत्या बोटांत फाटलेली. एरवी मॉसला खडक धरून ठेवायला मुळांसारखे बारीक धागे असतात. हिला तेवढाही आधार नाही.

या रूपामुळे भलेभले फसले. सिक्कीमच्या हिमालयातून ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ हुकरने गोळा केलेला तिचा नमुना एकोणिसाव्या शतकात लिव्हरवर्ट या वेगळ्याच गटात गेला. पुढे जपानी अभ्यासक ताकाकी यांना जपानच्या डोंगरात तिची बहीण सापडली आणि १९५८मध्ये त्यांच्याच नावाने नवी प्रजाती जाहीर झाली. तरी वाद मिटेना. अखेर १९९०च्या दशकात अल्युशियन बेटांवरच्या रोपांना बीजाणूंच्या कुप्या आलेल्या दिसल्या. एकाच पिळदार चिरेने उघडणाऱ्या त्या कुप्यांनी निकाल दिला: ही मॉसच.

आणि वय? हिचा वंश सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला. तेव्हा हिमालय नव्हता, डायनासोरही नव्हते. इनर मंगोलियात मिळालेला साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म आजच्या ताकाकियासारखाच दिसतो. मग तिबेटात तिच्या पायाखालची जमीनच वर उचलली जाऊ लागली. थंडी वाढली, हवा विरळ झाली, अतिनील किरणांचा मारा तीव्र झाला. ही तिथेच राहिली.

‘जिवंत जीवाश्म’ म्हणून आपण मोकळे होतो, पण खरी गंमत पुढेच आहे. चीन आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी २०२३मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात तिचा जनुकसंच उलगडून दाखवला. झपाट्याने बदलणाऱ्या जनुकांची एवढी संख्या त्यांना दुसऱ्या कुठल्याच वनस्पतीत आढळली नाही. डीएनएची मोडतोड दुरुस्त करणारी, प्रखर उन्हातही प्रकाशसंश्लेषण सांभाळणारी जनुकं पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून पक्की झाली होती. बाहेरून मात्र काडीचा फरक नाही!

एवढी तरबेज वनस्पती आता मागे पडते आहे. दशकभराच्या पाहणीत तिची संख्या वर्षाला सुमारे १.६ टक्क्यांनी घटताना दिसली. तिने जुळवून घेतलं ते लाखो वर्षांच्या सवडीने. आताची तापमानवाढ माणसाच्या एका आयुष्यात मावते. शतकाअखेरीस जगभरात तिला मानवेल अशी जागा जेमतेम हजार ते दीड हजार चौरस किलोमीटर उरेल, असा अंदाज आहे. डोंगर चढून वर सरकावं, तर ती आधीच फार वर आहे.

म्हणून संशोधकांनी प्रयोगशाळेत तिची रोपं वाढवली आणि तिबेटात नेऊन लावली. पाच वर्षांनंतर त्यातली काही जगली होती, वाढतही होती. प्रयोग लहानच, पण तसाच तो आणखी ठिकाणी करून पाहायला आता तरी हरकत नसावी.