वाफ न सोडणारा ताप

महाडकडून वरंधा घाट चढून आलेली गाडी बॉनेट उघडून कडेला उभी, रेडिएटरमधून वाफा निघताहेत आणि चालक पाण्याची बाटली घेऊन गाडी निवायची वाट बघतोय, हे दृश्य भोरच्या माणसाच्या ओळखीचं. इलेक्ट्रिक गाडी अशी वाफ सोडत नाही. तिचा ताप वेगळ्या खुणांवरून ओळखावा लागतो.

पुणे जिल्ह्यातल्याच रांजणगावला तयार होणारी टाटा नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली, ती बॅटरी गार ठेवणारं कूलंट घेऊनच. छोटा विजेचा पंप हे कूलंट बॅटरीलगतच्या पोकळ पट्ट्यांतून फिरवतो. अशा बहुतेक गाड्यांत उष्णता वाढली की एसीचा गॅस त्याला गार करतो. म्हणजे माणसं आणि बॅटरी दोघांचा भार एकाच कॉम्प्रेसरवर. म्हणून एसी मंदावला की काच खाली करून विषय सोडू नका.

फास्ट चार्जिंग ८० टक्क्यांनंतर मंदावतं, ते स्वाभाविकच. घाट चढून लगेच लावलं तरी मंदावेल. पण गार सकाळी, निम्म्या बॅटरीवरही ते रखडत असेल, किंवा साध्या चढावर गाडीची ताकद कमी होऊन कासवाचं चिन्ह दिसत असेल, तर कूलिंग तपासून घ्या.

वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, भातलावणीच्या दिवसांत रस्त्यावर चिखल येतो. तो, गवताच्या काड्या आणि किडे पुढच्या जाळीत अडकतात, हवा अडते आणि फॅन उगाच धावत राहतो. हे काम घरी होतं: साध्या पाइपने, हलक्या धारेने धुवा. जोराच्या फवाऱ्याने रेडिएटरच्या नाजूक पात्या दुमडतात.

कूलंटची पातळी गाडी गार असताना बघा. कमी असेल तर विहिरीचं किंवा नळाचं पाणी कधीही घालू नका. त्यातल्या क्षारांमुळे ते वीज वाहून नेतं आणि आत थर धरतं. कंपनीने सांगितलेलंच कूलंट हवं. ते भरल्यावर स्कॅनर लावून पंप चालवून हवा काढावी लागते. बुडबुडा अडकला तर टाकी भरलेली दिसते आणि बॅटरी तापतच राहते.

एसीवाल्याकडे जाल तेव्हा तेलाची चौकशी आवर्जून करा. बहुतेक इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरमध्ये मोटरची तार त्या तेलातच असते, म्हणून पीओई जातीचं, वीज न वाहणारं तेल लागतं. पेट्रोल गाडीचं पीएजी तेल थोडं जरी गेलं तरी इन्सुलेशन खालावतं आणि महागडा कॉम्प्रेसर जातो.

खाली एकही थेंब नाही आणि तरी पातळी उतरतेय, ही मला सगळ्यांत गंभीर खूण वाटते. गळती बॅटरीच्या आत असू शकते. सोबत इन्सुलेशनची सूचना आली तर चार्जिंग बंद, गाडी बंद. नारिंगी केबलला हात लावू नका. गाडी दोर बांधून ओढू नका. चाकं फिरली की मोटर वीज तयार करते. चारही चाकं वर उचलून नेणारी गाडीच बोलवा.